चष्म्यांचे दुकान आणि राजाचे संग्रहालय

पुण्यास नव्याने आलेला पाहुणा शनिवारवाडा पाहून बाजीराव रस्त्याने दक्षिणेकडे चालू लागला, म्हणजे शुक्रवार पेठेत नातूबागेपाशी त्याला एका पाटीवर 'राजा दिनकर केळकर संग्रहालय' ही अक्षरे दिसतात. ती वाचून त्याच्या मनात साहजिकच प्रश्न येतो, की हे दिनकर केळकर कोणत्या संस्थानचे राजे? संस्थानिकांच्या वंशावळी चाळल्या, सरदारांच्या याद्या पाहिल्या, गिरणीमालकांची व कारखानदारांची नामावळी तपासली, तरी हे नाव त्यांत सापडावयाचे नाही. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) हे पुण्यातील एक मध्यमवर्गीय गृहस्थ होते. त्यांचा धंदा चष्मे विकण्याचा होता, आणि कविता लिहिण्याची त्यांना आवड होती. अशा गृहस्थाच्या नावे वीस हजारांवर वस्तूंचे संग्रहालय उभे राहावे, आणि त्या नावामागे 'राजा' हा शब्द असावा, हे कसे घडले, ते समजून घेण्यासारखे आहे.

संग्रहालये बहुधा दोन मार्गांनी निर्माण झालेली दिसतात. पहिला मार्ग राजेरजवाड्यांचा. याचे महाराष्ट्रातील उत्तम उदाहरण म्हणजे औंध. तेथील अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) हे स्वतः चित्रकार होते. त्यांनी जमविलेली चित्रे व शिल्पे १९३८ साली यमाईच्या डोंगरावर बांधलेल्या संग्रहालयात प्रजेसाठी मांडण्यात आली. संस्थान लहान होते; तथापि राजा रसिक होता, खजिना त्याच्या हाती होता, आणि चित्रकार व मूर्तिकार त्याच्या आश्रयास येत होते.

दुसरा मार्ग उद्योगपतींचा. अमेरिकेतील हेन्री क्ले फ्रिक यांनी कोळशापासून कोक तयार करण्याच्या आणि पोलादाच्या धंद्यांत अपार संपत्ती मिळविली. तिच्यातून युरोपातील श्रेष्ठ चित्रकारांची चित्रे त्यांनी विकत घेतली, न्यूयॉर्क शहरात त्या चित्रांना शोभेल असे घर बांधले, आणि १९१९ साली मृत्यू पावताना घरासह सारा संग्रह लोकांसाठी ठेवून दिला. ते घर १९३५ पासून संग्रहालय म्हणून खुले झाले. आपल्याकडे जमशेटजी टाटा यांचे दोघे पुत्र, सर दोराबजी (१८५९–१९३२) आणि सर रतन (१८७१–१९१८), हेही असेच रसिक संग्राहक होते. युरोपीय तैलचित्रे, चिनी व जपानी भांडी, हरितमण्याच्या वस्तू असा त्यांचा संग्रह होता. त्यांचे हे संग्रह मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमला, म्हणजे हल्लीच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाला, मिळाले. सर रतन यांनी तर पाटलिपुत्राच्या उत्खननासही द्रव्य पुरविले होते. त्या म्युझियमची कोनशिला १९०५ साली बसली आणि १९२२ साली ते लोकांस खुले झाले. या दोघा बंधूंच्या देणग्यांवाचून त्याच्या दालनांस आजचे रूप आले नसते.

उद्योगपतींच्या ठिकाणी ही हौस का उत्पन्न होते, याची कारणे शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. आयुष्याचा पूर्वार्ध द्रव्य मिळविण्यात गेलेला असतो. उत्तरार्धात त्या द्रव्याला काही अर्थ यावा असे वाटू लागते. ज्याच्या कारखान्यातून एकसारख्या हजारो वस्तू रोज बाहेर पडतात, त्यालाच एखाद्या कारागिराने आपल्या हाताने घडविलेल्या आणि जगात दुसरी जोडी नसलेल्या वस्तूची ओढ लागते, असेही दिसून येते. शिवाय आपल्या मागे आपले नाव चांगल्या कामाशी जोडलेले राहावे, ही इच्छा सर्वच मनुष्यांस असते, आणि ती निंद्य नव्हे. मात्र अशा संग्रहांची एक मर्यादा आहे. धनिकाच्या हाती येणारी वस्तू बहुधा आधीच नावाजलेली असते. चित्रकार प्रसिद्ध असतो, वस्तूचे मोल ठरलेले असते, ती कला आहे याविषयी कोणाच्या मनात शंका नसते. धनिक तिला विनाशातून क्वचितच वाचवितो. तो तिला एका श्रीमंत घरातून दुसऱ्या श्रीमंत घरात आणतो आणि शेवटी लोकांच्या स्वाधीन करतो. हे कार्य मोठेच आहे. परंतु ज्या वस्तूला कोणीच कला म्हणत नाही, तिचे काय?

केळकरांच्या कार्याचा आरंभ या प्रश्नापासून होतो. 'अज्ञातवासी' या टोपणनावाने त्यांची कविता महाराष्ट्रास परिचित झाली होती. १९२० च्या सुमारास त्यांना जुन्या वस्तू जमविण्याचा नाद लागला. त्या वेळचे पुणे कसे होते, हे डोळ्यांपुढे आणले पाहिजे. पेशवाई बुडून एक शतक लोटले होते. सरदारांचे वाडे उभे होते, पण त्यांतील वैभव ओसरले होते. एका वाड्यात अनेक बिऱ्हाडे राहू लागली होती. दिवाणखान्यातील हंड्या-झुंबरे कधीच विकली गेली होती, आणि आता माळ्यावरच्या व कोठीतल्या सामानाची पाळी आली होती. रॉकेलची चिमणी आणि कंदील आले, तसे पितळेचे मोठमोठे दिवे अडगळीत पडले. चिनी मातीचे पेले आले, काचेची दौत आली, टाकाची जागा झरणीने घेतली. जुन्या वस्तूंचा उपयोग संपला, आणि उपयोग संपलेल्या वस्तूला घरात जागा उरत नाही.

मग त्या वस्तूंचे काय होई? पितळ आणि तांबे मोडीत जाई. कासाराच्या दुकानी तराजूच्या एका पारड्यात वजने आणि दुसऱ्या पारड्यात दोनशे वर्षांची समई अशी तुला होई. त्या समईवर मोर कोणी कोरला होता, तिच्या दांड्याचा घाट किती डौलदार होता, हे तराजूला कळत नाही. त्याला शेर आणि छटाक तेवढे कळतात. मोडीचे पैसे घेऊन किंवा त्यांत थोडी भर घालून गृहिणी नवे भांडे घरी नेई, आणि जुनी समई मुशीत वितळून जाई. भरजरी वस्त्रांची गतीही निराळी नव्हती. जीर्ण झालेला शालू वा शेला बोहारणीच्या हाती जाई. पुढे जर जाळून तिच्यातील चांदी काढून घेत. लाकडी कोरीव चौकट जळणास उपयोगी पडे. यात कोणाचा दुष्टपणा नव्हता. काटकसरीने संसार करणाऱ्या शहाण्या माणसांनी जे करावे, तेच लोक करीत होते. आणि म्हणूनच हा नाश कोणाच्या लक्षात येत नव्हता.

महाराष्ट्राच्या इतिहासाविषयी त्या काळी आस्था नव्हती, असे मात्र मुळीच नाही. वि. का. राजवाडे (१८६३–१९२६) यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या ग्रंथमालेचा पहिला खंड १८९८ साली प्रसिद्ध केला होता, आणि त्यांच्या पुढाकाराने १९१० साली पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली होती. गावोगाव हिंडून, वतनदारांची दप्तरे सोडवून, वाळवीच्या तोंडून कागद सोडवून आणणारी ती पिढी होती. त्यांच्या श्रमांमुळे तह, लढाया, कर्जे, सनदा यांची माहिती आज उपलब्ध आहे. परंतु कागद जे सांगतो ते कागद लिहिणाऱ्याला महत्त्वाचे वाटलेले असते. फडणिसाने स्वारीच्या खर्चाचा तपशील लिहून ठेवला. त्याच्या घरी त्या संध्याकाळी दिवा कोणत्या आकाराचा होता, सून कोणत्या फणीने केस विंचरीत होती, मुले कोणत्या खेळण्याशी खेळत होती, हे लिहावे असे त्याला कधी वाटले नाही. दप्तरात ज्यांचे नाव येत नाही असे लोक समाजात नेहमीच अधिक असतात. घरातील स्त्रिया, तांबट, लोहार, सुतार, कुंभार, ओतारी यांनी कागद लिहिले नाहीत. त्यांनी वस्तू केल्या आणि वस्तू वापरल्या. तेव्हा त्यांचा इतिहास वाचावयाचा तर तो वस्तूंतच वाचावा लागतो. राजवाड्यांच्या पिढीने कागद वाचविले. केळकरांनी दिवे, अडकित्ते आणि फण्या वाचविल्या. ही दोन्ही कामे एकाच कामाच्या दोन बाजू होत.

या म्हणण्याची प्रचीती पाहावयाची तर संग्रहालयातील अडकित्त्यांपुढे थोडे थांबावे. अडकित्ता म्हणजे शाळेत शिकविल्या जाणाऱ्या तरफेचा एक प्रकार. टेकू एका टोकाला, म्हणजे जेथे दोन पाती खिळलेली असतात तेथे. भार, म्हणजे सुपारी, मध्ये. आणि जोर दुसऱ्या टोकाला, मुठीवर. इतके साधले की अडकित्त्याचे काम झाले. त्यापुढे त्यावर काही करण्याची गरज नसते. असे असता कोणी त्या पात्याला पोपटाचे रूप दिले, कोणी घोड्याचे. कोणी दोन दांड्यांच्या जागी स्त्रीपुरुषांची जोडी कल्पिली, म्हणजे मुठी दाबल्या की ती दोघे एकमेकांच्या निकट येतात. पानसुपारीवाचून ज्या समाजात बैठक सुरू होत नसे आणि लग्न ठरत नसे, त्या समाजात सुपारी फोडण्याच्या साधनाला असा मान मिळावा, यात आश्चर्य नाही. एक अडकित्ता हाती घेतला तर ते एक हत्यार असते. पुष्कळ अडकित्ते शेजारी शेजारी मांडले, म्हणजे एका समाजाची आतिथ्याची रीत, त्याची विनोदबुद्धी आणि त्याच्या लोहारांचे कौशल्य ही सर्व एका दृष्टिक्षेपात दिसू लागतात.

दिव्यांची गोष्ट अशीच आहे. जमिनीवर उभी राहणारी समई, देवापुढील निरांजन, आरतीची पंचारती, हातांत पणती धरून उभी असलेली दीपलक्ष्मी, साखळीने टांगलेला लामणदिवा, असे किती तरी प्रकार आपल्याकडे होते. तेल, वात आणि ज्योत एवढेच ज्याचे साहित्य, त्या वस्तूची एवढी रूपे का व्हावी? कारण प्रत्येक रूपामागे एक प्रसंग आहे. समईचा प्रकाश स्थिर हवा, म्हणून तिची बैठक जड व रुंद. पंचारती हातात फिरवावयाची, म्हणून तिला मूठ. लामणदिवा वाऱ्याने हेलकावला तरी तेल सांडू नये, अशी त्याची तोलाची रचना. काही टांगत्या दिव्यांत तर हत्तीच्या वा पक्ष्याच्या पोकळ पोटात तेल भरून ठेवण्याची योजना असे, म्हणजे ते हळूहळू दिव्यात उतरावे. ज्या कारागिराने हे साधले, त्याने पुस्तक वाचले नव्हते. तथापि त्याला द्रवाचे गुणधर्म ठाऊक होते. केळकरांनी दिव्यांचा इतका अभ्यास केला की भारत सरकारच्या प्रकाशन विभागाने १९६१ साली त्यांचे भारतीय दिव्यांवरील इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. छंदातून विद्या कशी निर्माण होते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

ज्या वस्तू सामान्यतः कोणत्याही संग्रहालयाच्या दारातून आत येत नाहीत, त्या येथे मोठ्या सन्मानाने बसल्या आहेत. टाचा घासावयाची वज्री घ्या. खालची बाजू खरखरीत असली म्हणजे तिचे काम भागते. पण वरच्या बाजूस मोर, हत्ती वा पक्ष्यांची जोडी उभी केलेली असते, आणि काही वज्र्यांच्या पोटात बारीक खडे घातलेले असतात, म्हणजे घासताना मंजुळ नाद निघावा. न्हाणीघराच्या चार भिंतींत, जेथे पाहणारे कोणी नाही, तेथेही मनुष्याला सुंदर वस्तूची गरज वाटत होती, हे ती वज्री सांगते. खोबरे किसण्याच्या किसण्या, स्वयंपाकाची भांडी, कुंकवाचे करंडे, सुरमादाण्या, फण्या, पानदाने, कलमदाने, कुलपे, हुक्के, बाहुल्या, सोंगट्या, वाद्ये, वस्त्रे, शस्त्रे, कोरीव दरवाजे व खिडक्या असा हा सारा पसारा आहे. त्यात पैठणशैलीच्या चित्रकथींची चित्रेही आहेत. चित्रकथी हा कथेकरी एकेक चित्र श्रोत्यांपुढे धरून रामायण-महाभारतातील कथा गाऊन सांगे. बोलपटापूर्वी आणि नभोवाणीपूर्वी खेड्यातील लोकांचे रात्रीचे रंजन व शिक्षण ज्या साधनांनी होई, त्यांतील हे एक होते. यांपैकी बहुतेक वस्तू अठराव्या व एकोणिसाव्या शतकांतील आहेत. म्हणजे फार प्राचीन नव्हेत. अतिप्राचीन वस्तू जमिनीत पुरल्यामुळे कधी कधी टिकून राहते. पणजीच्या वेळची वस्तू मात्र सर्वांत लवकर नाहीशी होते, कारण ती जुनाट ठरलेली असते आणि अद्याप पुरातन ठरलेली नसते. नेमक्या त्या मधल्या काळात केळकरांनी तिला गाठले.

मोठ्या वस्तूंकडेही त्यांनी पाठ फिरविली नाही. पहिल्या बाजीरावाने कोथरूड येथे बांधलेल्या मस्तानी महालाचे अवशेष त्यांनी आणविले आणि आपल्या संग्रहालयात त्यांतून एक दालन उभे केले. मस्तानीविषयी कथा पुष्कळ, वाद पुष्कळ. पण ज्या छताखाली ती वावरली ते छत कसे होते, हे पाहण्याची सोय या दालनामुळे झाली. इमारत जागच्या जागी राखता आली तर ते उत्तमच. ते शक्य नसेल तेव्हा निदान तिचे लाकूड जळणास जाऊ देऊ नये, एवढे तरी घडले.

आता कोणी म्हणेल, की जुन्या वस्तू गोळा करणे यात विशेष ते काय? प्रत्येक घराच्या माळ्यावर त्या असतातच. परंतु साठा आणि संग्रह यांत मोठा भेद आहे. साठ्यात वस्तू एकमेकींवर पडलेल्या असतात. संग्रहात त्या एकमेकींशी बोलतात. त्यासाठी तीन गोष्टी लागतात. पहिली, निवड. शंभर समयांतून कोणती घ्यावयाची, हे कळण्यास शंभर समया लक्षपूर्वक पाहिलेल्या असाव्या लागतात. दुसरी, मालिका. एकाच प्रकारच्या अनेक वस्तू शेजारी आल्या म्हणजेच प्रदेशाप्रदेशांतील आणि काळाकाळातील फरक ध्यानात येतो; यासाठी केळकरांनी महाराष्ट्रापुरतीच दृष्टी न ठेवता गुजरात, राजस्थान, दक्षिण देश अशा अनेक प्रांतांतून वस्तू मिळविल्या. तिसरी आणि सर्वांत कठीण गोष्ट, त्याग. साठा करणारा मनुष्य वस्तू आपल्या कुलपात ठेवून समाधान पावतो. संग्राहक ती आपली नव्हे असे समजून सांभाळतो.

हा तिसरा गुण केळकरांना किती महाग पडला असेल, याचा विचार करावा. धनाढ्य मनुष्य चित्र विकत घेतो, तेव्हा त्याच्या घरातील दूधदुभते कमी होत नाही. चष्म्यांच्या दुकानावर संसार चालविणाऱ्या गृहस्थाने दिवा विकत घेतला, तर ते पैसे घरखर्चातूनच बाजूस काढावे लागतात. १९६० च्या सुमारास त्यांच्यापाशी पंधरा हजारांच्या घरात वस्तू जमल्या होत्या. चाळीस वर्षांत पंधरा हजार, म्हणजे सरासरीने दिवसास एक वस्तू! प्रत्येक वस्तूमागे शोध, घासाघीस, वाहतूक, पुसणे, ठेवावयास जागा, एवढे आलेच. हे सर्व एका घरात घडले आणि त्या घराने ते सोसले. केळकरांच्या पत्नी कमलाबाई यांची साथ या कामी त्यांस होती, आणि ज्या संग्रहात स्त्रियांच्या नित्य वापरातील वस्तूंना एवढे स्थान आहे, त्याविषयी बोलताना कमलाबाईंचे नाव मागे ठेवणे अन्यायाचे होईल.

या कामावर एक आक्षेप घेता येतो, आणि तो विचारात घेण्याजोगा आहे. वस्तू तिच्या घरातून उचलली म्हणजे तिचे आयुष्य संपते. देवघरातील समई तेवते. काचेच्या कपाटातील समईत वात नसते. शिवाय ती कोणाच्या घरातून आली, तिची मालकीण कोण होती, ती कोणत्या ओताऱ्याने घडविली, हे बहुतेक वेळा हरवून जाते. मागे राहते ती गावाचे नाव आणि अंदाजाने लिहिलेले शतक. हा आक्षेप खरा आहे. परंतु त्या काळी निवड देवघर आणि कपाट यांत करावयाची नव्हती, कपाट आणि मूस यांत करावयाची होती. कपाटातील समई तेवत नसली, तरी आज एखादा तरुण कारागीर तिच्यापुढे उभा राहून तिचा घाट उतरवून घेऊ शकतो. मुशीत गेलेल्या समईकडून कोणीही काही शिकू शकत नाही. आणि घडविणाऱ्यांच्या नावांविषयी म्हणावयाचे, तर त्या अनामिक हातांचा मान राखण्यास 'अज्ञातवासी' हे नाव धारण करणारा कवी पुढे आला, हा योग विलक्षण म्हटला पाहिजे.

आता त्या 'राजा' शब्दाकडे वळू. आपल्याकडे नाव लिहिण्याची रीत अशी, की आधी स्वतःचे नाव, मग वडिलांचे, मग आडनाव. शाळेच्या हजेरीपटावर प्रत्येक मुलाचे नाव याच क्रमाने लिहिलेले असते. त्या रीतीने 'राजा दिनकर केळकर' हे नाव पुन्हा एकदा वाचावे. ते दिनकररावांचे नाव नाही, आणि 'राजा' ही पदवीही नाही. ते दिनकर केळकरांच्या मुलाचे नाव आहे. राजा हा त्यांचा एकुलता एक मुलगा. तो बालवयातच मृत्यू पावला. पुढे ज्या संग्रहालयासाठी त्यांनी सारे आयुष्य वेचले, त्याला त्यांनी स्वतःचे नाव दिले नाही, मुलाचे दिले. हजेरीपटावरून जे नाव फार लवकर कमी झाले, ते त्यांनी दारावरच्या पाटीवर लिहिले, आणि आज देशोदेशींचे लोक ते वाचतात. पाटी वाचून कोणत्या संस्थानचे राजे असे विचारणाऱ्या पाहुण्यास यापेक्षा अधिक उत्तर देण्याचे कारण नाही.

या गोष्टीचा संग्रहाशी संबंध आहे. ज्याचे मूल गेले आहे त्याच्या घरी एखादी लहानशी टोपी, एखादे खेळणे मागे राहते. बाजारात त्याला किंमत नसते, आणि त्या घरात त्याहून मोलाची वस्तू नसते. वस्तूचे मोल तिच्या धातूत नसून तिच्यावरून फिरलेल्या हातांत असते, हे अशा घरास कोणी शिकवावे लागत नाही. केळकरांनी जमविलेल्या हजारो वस्तू अशाच कोणाच्या तरी हातांतल्या आहेत. ते हात आता नाहीत.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेत आणि खडकवासला ही धरणे फुटली. मुठेच्या काठच्या पेठांतील कित्येक जुने वाडे त्या एका दिवसात कोसळले आणि पिढ्यान्‌पिढ्यांचे घरगुती सामान वाहून गेले. जे काम मोड आणि बोहारीण सावकाशीने करीत होती, ते पुराने काही तासांत केले. पुढच्याच वर्षी, म्हणजे १९६२ साली, राजा केळकर संग्रहालयाची रीतसर स्थापना झाली. त्या पुरानंतर पुणेकरांस आपल्या जुन्या घरांतील वस्तू पाहावयाच्या तर त्या कोठे पाहाव्या, याचे उत्तर अशा रीतीने तयार होते. १९७५ साली केळकरांनी आपला सारा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या पुरातत्त्व विभागाच्या स्वाधीन केला. त्या वेळी त्यांचे वय एकोणऐंशी वर्षांचे होते. फ्रिकसारख्यांचे दान मृत्युपत्राने झाले. येथे दात्याने आपल्या डोळ्यांदेखत वस्तूंवरचा हक्क सोडला. पुणे विद्यापीठाने त्यांस डॉक्टरेट ही सन्माननीय पदवी दिली, भारत सरकारने १९८० साली पद्मश्री दिली, आणि १९९० साली ते निवर्तले.

आज संग्रहालयात वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत आणि त्यांपैकी अडीच हजारांच्या आसपास मांडलेल्या आहेत. म्हणजे आठ वस्तूंत एक दिसते आणि सात आत असतात. एका माणसाने जमविलेले सर्व दाखविण्यास तीन मजल्यांची इमारत पुरत नाही. जागा, रखवाली, डागडुजी, सूचीचे काम ही सर्व खर्चाची कामे आहेत, आणि येथे मात्र धनवान उद्योगपतींचे साहाय्य उपयोगी पडण्यासारखे आहे. संग्रह करण्यास दृष्टी लागते, पण तो टिकविण्यास द्रव्यही लागते. ज्या शहराने केळकरांसारखा माणूस दिला, त्या शहरातील धनिकांस हे सांगावे लागू नये.

ज्यांच्यापाशी द्रव्य नाही त्यांनाही करण्यासारखे एक काम आहे आणि त्यास एक पैसा पडत नाही. प्रत्येक घरात आजीच्या वेळची एखादी तरी वस्तू असतेच: एखादे पानाचे तबक, एखादी विळी, दत्तजयंतीस बाहेर निघणारी समई. ती कोणाची, कोणत्या गावाहून आली, कोणत्या लग्नात मिळाली, कोणत्या कामी वापरीत, हे सांगणारी वडील मंडळी घरात आहेत तोवर त्यांच्यापाशी बसून विचारून घ्यावे, एका चिठ्ठीवर शाईने लिहावे, आणि ती चिठ्ठी दोऱ्याने त्या वस्तूला बांधून ठेवावी. केळकरांनी हजारो वस्तू मुशीतून सोडविल्या, पण कित्येकींच्या मालकिणींची नावे त्यांनाही सोडविता आली नाहीत. घरोघरची माणसे ते काम आज एका संध्याकाळी करू शकतात.